कोड तो लिहितो, क्रेडिट नोट आपल्यालाच समजावी लागते: एआय सहायकाचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

इंदूरच्या एका छोट्या कंपनीत मी बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ग्राहक म्हणजे बहुतेक सियागंजचे ठोक व्यापारी आणि नमकीनवाले. गेल्या दिवाळीच्या आधीपासून कोड लिहायच्या एडिटरमधला एआय सहायक रोज वापरतोय, खर्च कंपनीचा. नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन-तीन पाहिले, स्वभाव सगळ्यांचा एकच.

आधी चांगलं सांगतो. आमच्या गळ्यात व्हिज्युअल बेसिक ६ मधलं एक जुनं स्टॉक मॉड्यूल आहे. ही भाषा आली १९९८ मध्ये, तिच्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्येच थांबवला. लिहिणारा कधीच सोडून गेला, कॉमेंट एक नाही. सहायकानं एकेक फंक्शन उलगडून सांगितलं आणि सी शार्प या भाषेत आणायलाही मदत केली. इथे पैसे वसूल. लांबलचक एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र), रिपोर्टचा साचा, ही कामंही आता हातानं करवत नाहीत.

आता क्रेडिट नोटची गोष्ट, म्हणजे विकलेला माल परत आला की रक्कम आणि कर वळते करायला विकणारा काढतो त्या कागदाची, कारण खरा हिशेब तिथे कळला. पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. सहायक आधी १२ वरच अडून बसला होता. तो ज्या मजकुरावर शिकला, तो त्याआधीचाच. नवा दर सांगितल्यावर त्यानं दरांचं टेबल, लागू तारीख, सगळं झटक्यात करून दिलं. कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्टही त्यानंच लिहिल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. तेवढ्यात एका व्यापाऱ्यानं फोनवर विचारलं, "भिया, पेले का माल वापस आएगा तो कित्ता टैक्स कटेगा?"

कोडमध्ये दर निवडला जात होता क्रेडिट नोटच्या तारखेवरून. म्हणजे ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरात परत आला तर वळते ५ टक्केच झाले असते. माल आणि बिल दोन्ही दर बदलायच्या आधीचे असतील, तर क्रेडिट नोटलाही मूळ बिलाचाच दर लागतो. टेस्टनी हे पकडलं नाही, कारण पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच. अपडेट बाहेर पडायच्या आधी दुरुस्त झालं, पण ते झालं व्यापाऱ्याच्या प्रश्नामुळे आणि तो प्रश्न कुठे जाऊन लागतो हे आम्हाला कळल्यामुळे. नोकरीत आपली किंमत कशावर टिकेल असं कुणी विचारलं की मी हाच किस्सा सांगतो. टायपिंगचा वेग आता कुणी विचारत नाही; ग्राहकाचा धंदा आपल्याला किती कळतो, हे विचारतात.

बाकी तक्रारी थोडक्यात. कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (इतरांनी लिहिलेल्या, नेटवरून घ्यायच्या तयार कोडचं) नाव ठामपणे सुचवतो. त्याच नावानं कुणी घातक पॅकेज टाकून ठेवलं तर फुकटचा धोका, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी बघाच. टेस्ट फेल झाली की कोडऐवजी टेस्टच सैल करतो, ही खोड अजून गेलेली नाही.

वेगाबद्दलही एक गोष्ट. मेटर (METR) या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स (सगळ्यांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या) डेव्हलपरांवर, २४६ कामं घेऊन प्रयोग केला. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि करणाऱ्यांना मात्र आपला वेळ २० टक्के वाचला असं वाटत होतं. ती साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची, आताची बरी आहेत. तरी मला हे पटतं. तोंडपाठ असलेल्या कोडमध्ये मी सहायक बंद ठेवतो, अनोळखी कोडमध्ये चालू.

नव्या मुलांची मात्र काळजी वाटते. एरर आली की न वाचताच ती चॅटमध्ये चिकटवतात. हल्ली आमच्याकडे इंटरव्ह्यूला आम्ही एआयनं लिहिलेलाच कोड समोर ठेवतो आणि त्यातली खोट काढायला सांगतो. कॉलेजात टॉपर असलेले काही जण तिथे अडकतात. दुकानात बसून बिलं फाडलेला मुलगा पटकन बोट ठेवतो.

घ्यावा का? जुना कोड सांभाळणाऱ्यांनी जरूर घ्यावा. शिकणाऱ्यांनी पहिले काही महिने एडिटरमधला ऑटो-कम्प्लीट (पुढचा कोड आपोआप सुचवणारा भाग) बंद ठेवून फक्त प्रश्न विचारायला वापरावा. आणि वर्गणी महिन्याचीच भरा, वर्षाची नको. आज जो पुढे आहे तो दोन महिन्यांत मागे पडतो.