म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचे जुलाब आणि सोनोग्राफी : आठ महिन्यांनंतर

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर, वय 11, वजन 28 किलो. दीड महिना पातळ शी चालू होती. रात्री दोनला त्याला जिना उतरवायचा, म्हणजे माझी कंबर आणि त्याचे गुडघे, दोन्ही कुरकुरणार. जंताचं औषध, जिआर्डियाचा (आतड्यातला एक परजीवी) कोर्स, दहीभात सगळं करून झालं. मग डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी करू.

पहिली वाया गेली. निम्मी चूक आमचीच. बारा तास उपाशी ठेवायला सांगितलं होतं आणि सकाळी बाबांनी पोळीचा तुकडा घातला. आतड्यात गॅस असला की त्यामागचं काही दिसतच नाही. पण तिथल्या माणसाने परत बोलवायचं सोडून 'बाकी नॉर्मल' असा रिपोर्ट हातात दिला आणि आम्ही तीन आठवडे निर्धास्त बसलो. याचा राग अजून आहे.

दुसऱ्यांदा फक्त प्राण्यांचीच सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. पोटावरचे केस काढले, पाठीवर झोपवलं, मी त्याचं डोकं धरून बसले. भूल लागली नाही. (केस यायला तीन महिने लागले. तोवर स्वारी गुलाबी पोट मिरवत होती.) बाईंनी स्क्रीनवर आतड्याच्या भिंतीचे काळे-पांढरे पाच थर दाखवले. लहान आतड्याची भिंत 5.2 मिमी भरली. या वजनाच्या कुत्र्यात साधारण 4.4 पर्यंत ठीक. पण थर शाबूत होते, गाठ असेल तर ते बहुधा पुसले जातात. "तरी कॅन्सर नाहीच, असं मी लिहून देणार नाही हं ताई," हेही त्यांनी लगेच सांगितलं.

सूज कशाने, ते मात्र या मशीनला कळत नाही. त्यासाठी बायोप्सी. स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडतात का, हेसुद्धा रक्ततपासणीतच कळतं. भूल देऊन तुकडा काढण्याआधी आम्ही हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं (प्रथिनं आधीच बारीक तोडलेलं) खाणं सुरू केलं. बी-12 कमी निघालं, त्याची सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शनं. पंधरा दिवसांत शी बांधून व्हायला लागली, बायोप्सी टळली.

चार महिन्यांनी मी हट्टाने पुन्हा सोनोग्राफी करवली. भिंत 4.9. बंड्या ठणठणीत, तरी आकडा जास्तच. डॉक्टर आधीच म्हणाले होते, जाडी बघू नका, शी आणि वजन बघा. ते पैसे वाचले असते.

आता कधी जायची वेळ आली, तर आदल्या रात्रीच पोळ्यांचा डबा वरच्या फळीवर. बाबांचा हात तिथवर पोचत नाही.