तिसऱ्यांतील मांसाचा अंदाज: लांबी मोजावी, की नमुना उकडून पाहावा?

रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरजमार्गे बर्फात सोलापुरात येणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खाण्याचे शिंपले, कवचासकट किलोने घेतल्या जातात, खाणावळीच्या पातेल्यात उपयोगी पडते ते मात्र आतले मांस. म्हणून नियमित माल घेणाऱ्याने मांसाचा अंदाज कशावरून बांधायचा, हे आधी ठरवायला हवे.

लांबी मोजणे सर्वांत सोपे. कवचाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचे कमाल अंतर व्हर्नियर कॅलिपरने क्षणात मिळते. वजन मात्र लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. आकार तोच राहिला, तर 30 मिलिमीटरची तिसरी 36 मिलिमीटरची होईपर्यंत लांबीत 20 टक्के आणि वजनात सुमारे 73 टक्के वाढ होते. त्यामुळे ढिगात थोरली आणि बारीक तिसरी एकत्र असल्यास सरासरी लांबीवरून काढलेला मांसाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. प्रत्यक्षात हा घातांक नेमका 3 नसतो. तो जातीनुसार आणि खाडीनुसार बदलतो. उजनी जलाशयातील गोड्या पाण्याच्या शिंपल्यांचे कवच लांबट असते, त्यामुळे तिथे बसवलेले सूत्र खाडीच्या तिसऱ्यांना लावणे चुकीचेच ठरेल.

लांबीच्या जोडीला उंची आणि जाडी घेतली, तर अंदाज सुधारू शकतो. त्यांतही मिटलेल्या दोन्ही शिंपांचा फुगवटा, म्हणजे जाडी, मला अधिक मोलाची वाटते. सारख्याच लांबीच्या दोन तिसऱ्यांत जी फुगीर, तिच्या पोकळीत जागा जास्त. तरीही ही सारी मापे बाहेरची आहेत. कवच किती जाड आहे, हे ती सांगत नाहीत आणि पोकळी किती भरलेली आहे, हेही सांगत नाहीत. प्रजननापूर्वी अंडी व शुक्रपेशी पिकत असताना मांस भरते. ती बाहेर टाकल्यावर ते रोडावते, कवच मात्र तेवढेच राहते.

अख्ख्या तिसरीचे वजनही फसवते, कारण त्यात आत कोंडलेले पाणी असते आणि दूरच्या प्रवासात ते कमी-जास्त गळून जाते.

सोलापूरच्या ग्राहकाने भाव ठरवताना नमुना उकडण्यावरच भिस्त ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून एक किलो तिसऱ्या घ्याव्यात. फुटलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकून द्याव्यात, पण मूळ एक किलोतून त्यांचे वजन वजा करू नये, कारण त्यांचेही पैसे दिलेले असतात. उरलेल्या तिसऱ्या थोड्या पाण्यात तोंड उघडेपर्यंत उकडून, मांस काढून, निथळून तोलावे. समजा, 200 रुपये किलोच्या मालात 12 टक्के मांस निघाले आणि 240 रुपयांच्या मालात 16 टक्के. तर पहिल्याचे मांस किलोला सुमारे 1,667 रुपयांना पडते, दुसऱ्याचे 1,500 रुपयांना. महाग दिसणारा माल इथे स्वस्त आहे, आणि लांबीवरून हे कळले नसते.

केरळमधील अष्टमुडी खाडीतील तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले. भारतात हा मान मिळवणारी ती पहिली मासेमारी. तिथे निर्यातीच्या मालासाठी मांसाचे किलोमागे 1400 पेक्षा जास्त नग नसावेत, अशी मर्यादा आहे. म्हणजे तिथेही मोजणी थेट मांसाचीच होते. एकाच खाडीतून, एकाच हंगामात, एकाच जातीचा माल सलग येत असेल, तर मात्र पहिल्या नमुन्यानंतर पुढच्या खेपांपुरती लांबी-जाडीची मापे पुरतील. महिना उलटला, की पातेले पुन्हा चुलीवर चढवावे.