इमॅक्समधील म्यू-फोर-ई : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अमळनेरला राहून मी काही वर्षांपासून अहिराणी ओव्या, म्हणी आणि शब्द गोळा करत आहे. साक्री, पारोळा, शिरपूर, चाळीसगाव या भागांतून लोक ते ईमेलने पाठवतात. कोणी टाइप करून, कोणी वहीच्या पानाचा फोटो काढून. माझी नोंदवही इमॅक्स या मजकूर-संपादकाच्या ऑर्ग-मोड या नोंदी ठेवायच्या सुविधेत आहे, त्यामुळे ब्राउझरमधून मजकूर उचलायचा, इमॅक्समध्ये चिकटवायचा आणि तो कोणी, केव्हा पाठवला हे हाताने लिहायचे, असा क्रम होता. साक्रीहून आलेली एक ओवी पारोळ्याच्या नावावर नोंदली गेल्याचे वर्षभराने लक्षात आले, तेव्हा सगळा पत्रव्यवहारच इमॅक्समध्ये आणायचे ठरवले. त्यासाठी निवडलेला म्यू-फोर-ई हा इमॅक्समधूनच ईमेल हाताळायचा प्रोग्रॅम.

इमॅक्सबरोबर आरमेल आणि ग्नूस हे ईमेल-प्रोग्रॅम आयतेच मिळतात. ग्नूस मुळात यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चा-जाळ्याच्या वृत्तसमूहांसाठी घडवलेला असल्याने वाचून झालेले पत्र तो सहसा नजरेआड करतो, आणि मला तर जुनीच पत्रे पुन्हा पुन्हा लागतात. उरले नॉटमच आणि म्यू-फोर-ई. दोघांचाही शोध झेपियन या शोधासाठीच्या तयार सॉफ्टवेअर-संचावर चालतो आणि वेगात मला फरक जाणवला नाही. खरा फरक मांडणीत आहे. नॉटमचमध्ये आपण पत्राला हवी ती खूणचिठ्ठी (टॅग) लावतो, पण ती त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते. म्यू-फोर-ई पत्राची फाइलच एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवतो, म्हणून तीच रचना सर्व्हरवर आणि मोबाइलवरही दिसते. प्रवासात मी पत्रे मोबाइलवर वाचते, त्यामुळे म्यू-फोर-ई निवडला. एकाच संगणकावर काम करणाऱ्याला मात्र मी नॉटमच सुचवेन.

नव्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे : म्यू-फोर-ई स्वतः पत्रे आणत नाही. सर्व्हरवरून पत्रे आणून मेलडिर पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असलेल्या, फोल्डरांत ठेवण्याचे काम एमबीसिंक हा वेगळा प्रोग्रॅम करतो, म्यू हा दुसरा प्रोग्रॅम त्यांची सूची बनवतो, आणि म्यू-फोर-ई ती सूची इमॅक्समध्ये दाखवतो. म्यू आणि म्यू-फोर-ई यांची आवृत्ती एकच असावी लागते. डेबियन या लिनक्स प्रणालीत म्यूचे पॅकेज मेलडिर-युटिल्स या नावाने आहे, हे कळेपर्यंत माझी एक संध्याकाळ गेली. जीमेलसाठी खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आधी द्विस्तरीय पडताळणी सुरू करून स्वतंत्र अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि तो ग्नूपीजी या सांकेतिकीकरणाच्या प्रोग्रॅमने कुलूपबंद केलेल्या फाइलीत ठेवावा, उघड्या फाइलीत ठेवू नये. शिवाय जीमेल पाठवलेल्या पत्राची प्रत स्वतःच ठेवते, म्हणून म्यू-फोर-ईला वेगळी प्रत ठेवू नकोस असे सांगावे, नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा दिसते.

दुसऱ्या आठवड्यात एमबीसिंक अडून बसला आणि क्रमांक दोनदा आल्याची तक्रार करू लागला. तो प्रत्येक फाइलीच्या नावात त्या फोल्डरमधला पत्राचा क्रमांक लिहितो; म्यू-फोर-ईने फाइल जुन्याच नावाने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की तोच क्रमांक तिथल्या पत्राशी जुळण्याची शक्यता असते. फाइल हलवताना तिचे नाव बदलावे, अशी एक सेटिंग म्यू-फोर-ईमध्ये आहे आणि ती आपणहून चालू नसते. एमबीसिंक वापरणाऱ्याने पहिले पत्र हलवण्याआधीच ती चालू करावी. मला आधीच अडकलेल्या फाइलींच्या नावांतले क्रमांक हाताने काढावे लागले.

ज्यासाठी हा खटाटोप केला, तो शोध देवनागरीत चांगला चालतो, पण त्याला मराठीचे व्याकरण येत नाही. ‘डोळा’ शोधले तर ‘डोळ्यात’ सापडत नाही, कारण सूचीत ते दोन निराळे शब्द आहेत. शब्दाचा स्थिर भाग लिहून शेवटी तारांकन द्यावे लागते, आणि अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने ‘डोळ’ आणि ‘डोय’ ही दोन्ही रूपे ‘किंवा’ने जोडून शोधावी लागतात. असे शोध म्यू-फोर-ईमध्ये नाव देऊन एका कळीवर ठेवता येतात. माझ्याकडे आज असे चौदा आहेत. फोटोतल्या ओव्या अर्थातच शोधात येत नाहीत, म्हणून उत्तर देताना मी ओवीची पहिली ओळ टाइप करते. मग निदान माझे उत्तर तरी सापडते.

देवनागरी जोडाक्षरांसाठी इमॅक्स 27 किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी, कारण 2020 साली आलेल्या त्या आवृत्तीपासून अक्षरजुळणी हार्फबझ या त्यासाठीच्याच सॉफ्टवेअरकडे आहे. सजावटीची एचटीएमएल पत्रे मात्र इमॅक्समध्ये विस्कटतात. ती मी ब्राउझरमध्ये उघडते.

दुपारी वीज गेली की राउटर बंद पडतो, पण सगळी पत्रे लॅपटॉपवर असल्याने नोंदींचे काम थांबत नाही. आता ओवी नोंदवताना मूळ पत्राचा दुवा ऑर्ग-मोडमध्ये आपोआप येतो. तो पत्राच्या संदेश-क्रमांकावर बांधलेला असल्याने पत्र नंतर दुसऱ्या फोल्डरमध्ये गेले तरी तुटत नाही. जुन्या नोंदींना असे दुवे जोडण्याचे काम अजून चालू आहे. साक्री आणि शिरपूर झाले, पारोळ्याचे अर्धे बाकी आहे.