'अलोन' बघताना माझी नजर वजनकाट्यावर असते

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. कुणाच्या पोटात किती गेलं आणि त्यातलं अंगी किती लागलं, याचाच दिवसभर हिशेब. त्यामुळे रात्री घरी येऊन पुन्हा उपाशी माणसं बघायची मला अजिबात हौस नव्हती. बहीण मागेच लागली म्हणून 'अलोन'चा सहावा सीझन लावला, आणि तिसऱ्या भागापर्यंत मी वही-पेन घेऊन बसले होते. आता अकरा सीझन बघून झालेत. उपासमारीबद्दल इतकं खरं काही मी टीव्हीवर दुसरीकडे बघितलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिस्टरी वाहिनीवर 2015 साली ही मालिका सुरू झाली. दहा माणसं, प्रत्येकाला निर्जन प्रदेशात एकमेकांपासून दूर सोडतात. ठरलेल्या यादीतून प्रत्येकाने दहा वस्तू निवडायच्या: कुऱ्हाड, करवत, भांडं, स्लीपिंग बॅग, गळ, फाशांसाठी तार, धनुष्यबाण वगैरे. सोबत कॅमेरामन नाही, चित्रीकरण ज्याचं त्यानेच करायचं. सॅटेलाइट फोन असतो. तो लावला की सुटका, पण खेळही संपला. बाकीचे किती उरलेत हे कुणालाच कळू देत नाहीत. शेवटी जो राहील त्याला 5 लाख डॉलर.

पहिल्या सीझनमध्ये अस्वलांच्या भीतीने एक जण पहिल्याच रात्री परतला. दुसऱ्या एकाने आग पेटवायचा फेरो रॉड हरवला आणि चार दिवसांत त्याचं संपलं. असे प्रसंग लोकांना आठवतात, कारण ते घडताना दिसतात. पण पहिले दोन-तीन आठवडे सरले की अस्वल, थंडी, पाऊस मागे पडतं आणि उरते फक्त चरबी. अंगावरची आणि ताटातली.

सहाव्या सीझनचंच बघा. कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठी जॉर्डन जोनास या स्पर्धकाने बाणाने मूस मारला. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, शेकडो किलोंचा. माझ्या शेजारी बसलेली बहीण म्हणाली, "झालं, हा जिंकला." मी म्हटलं, थांब, चरबी कुठे ठेवतोय ते बघ. आणि झालंही तसंच. वुल्व्हरिन नावाचं एक चिवट जनावर येऊन नेमकी चरबीच पळवून गेलं. मांसाचा ढीग समोर असूनही त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसली ती मला पुरेपूर समजली. नुसतं कोरडं मांस खाऊन माणूस जगत नाही. एक ग्रॅम प्रथिनांतून 4 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून 9. शिवाय प्रथिनं पचल्यावर उरणारा नायट्रोजन बाहेर टाकायची यकृताची ताकद ठरलेली असते. त्यापलीकडे गेलं की मळमळ, जुलाब, अशक्तपणा. पोट भरलेलं आणि माणूस खंगत चाललेला. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत याला सशांची उपासमार म्हणतात, कारण सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच. हे मी पुस्तकात शिकले होते. शिकून वीस वर्षं झाली, पण त्याची भीती पहिल्यांदा वाटली ती इथे. त्या माणसाने पुढे ते वुल्व्हरिन मारलं, 77 दिवस काढले आणि तो जिंकला. सैबेरियात रेनडिअर पाळणाऱ्या एवेंकी लोकांबरोबर तो आधी राहिलेला होता, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीत ते दिसतं. उगाच एक पाऊल टाकत नाही.

मला सर्वांत जास्त हलवून गेला तो मात्र तिसरा सीझन, अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातला. तिथल्या एका स्पर्धकाने मासे धरून, वाळवून साठवले होते. पुढे लागतील म्हणून रोज अगदी थोडं खायचा. सत्तर दिवस उलटल्यावर वैद्यकीय तपासणीत त्याचा रक्तदाब धोकादायक निघाला आणि त्याला बाहेर काढलं. मासे शिल्लक होते! लोक याला वेडेपणा म्हणतात. मी नाही म्हणणार. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, बरेच महिने नीट जेवण न मिळालेले. दोन वेळचं ताट समोर येत असूनही पावाचे तुकडे उशीखाली ठेवायचे. सिस्टर रागावल्या, मीही रागावले. आज त्याचं मला वाईट वाटतं. पोट दीर्घकाळ रिकामं राहिलं की विचार करायची पद्धतच बदलते. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांवर अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला होता. ती धडधाकट मुलं काही महिन्यांत पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. 'अलोन'मध्ये चाळिसाव्या दिवसानंतर कॅमेऱ्यासमोर जो तो जेवणाबद्दलच बोलतो, ते काही दिग्दर्शकाने बोलायला लावलेलं नाही.

त्याच सीझनमध्ये 86व्या दिवशी एका बाईला बाहेर काढलं, कारण बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 17च्या खाली गेला होता. तपासणीचं ते दृश्य मी तीनदा बघितलं. काट्यावर उभं राहिलेलं माणूस आकड्याकडे बघत नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतं. माझ्याकडेही रोज असंच बघतात. तिला अजून तिथे राहायचं होतं, शरीराला नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, 87व्या दिवशी, झॅकरी फाउलर विजेता ठरला.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. हा खेळ हळूहळू 'कोण जास्त दिवस उपाशी राहतं' याचा झालाय. आधीच भरपूर वजन वाढवून आलेल्याला फायदा मिळतो, कौशल्य असलेला सडपातळ माणूस मागे पडतो. सातव्या सीझनमध्ये 100 दिवसांसाठी 10 लाख डॉलर ठेवले, आणि रोलंड वेल्करने मस्क ऑक्स हा थंड प्रदेशातला मोठा केसाळ प्राणी मारून, दगडांचं घर बांधून ते 100 दिवस खरोखर पूर्ण केले. तिथे कौशल्य जिंकलं. बाकी बऱ्याच सीझनचे शेवटचे आठवडे म्हणजे पडून राहणं. निर्मात्यांनी हे मान्य करून रोज कुणी काय आणि किती खाल्लं ते दाखवलं असतं तरी मला चाललं असतं. तेही नाही. झुडपात काहीतरी खसफसतं, संगीत वाढतं, जाहिरात येते आणि नंतर कळतं की खारूताई होती. दर भागात हे. आणि बाहेर पडल्यानंतरचं तर जवळजवळ काहीच दाखवत नाहीत. इतक्या दिवसांच्या उपासानंतर भरपेट जेवण जीवघेणं ठरू शकतं, रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली जातं. अन्न थोडं-थोडं, मोजून वाढवावं लागतं. यावर एक अख्खा भाग व्हायला हवा होता.

चौथा सीझन जोड्यांचा आहे, तो सोडला तरी चालेल. सुरुवात सहाव्यापासून करा, मग तिसरा, मग सातवा. ऑस्ट्रेलियाची आवृत्तीही बघा. 2023च्या पहिल्या सीझनमध्ये जीना चिक टास्मानियात 67 दिवस राहिली आणि जिंकली. तिची मुलगी तीन वर्षांची असताना कर्करोगाने गेली होती. ती त्याबद्दल बोलते तेव्हा समोर कुणी नसतं, फक्त कॅमेरा, म्हणून ते इतकं सरळ येतं.

खाण्याच्या विकारातून बरं होत असलेलं कुणी घरात असेल तर मात्र त्यांच्यासोबत हे लावू नका. वजनाचे आकडे, बरगड्या, 'अजून थोडे दिवस' हे सगळं वारंवार येतं. माझ्या पेशंटना मी हे बघा असं कधीच सांगत नाही.

बाकीच्यांनी शेवटचा भाग पटापट पुढे सरकवत बघू नका. विजेत्याला आपण जिंकलोय हे माहीत नसतं. त्याला वाटतं नेहमीची तपासणी आहे. डॉक्टर बोलण्यात गुंतवतात आणि पाठीमागून घरचं माणूस चालत येतं. फाउलरची बायको आली तेव्हा मी वही बाजूला ठेवली होती.