सेंट थॉमस कथीड्रल, फोर्ट: काचा नंतर, आधी भिंती वाचा

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापलाय मनोऱ्यासाठी.

माझी सगळी नोकरी फोर्टातल्या बँकेत गेली. पाहुणे आले की गेटवे उरकून मी त्यांना हॉर्निमन सर्कलजवळच्या या चर्चमध्ये नेतोच. चर्चगेट स्टेशनाचं नाव याच्यावरूनच पडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इथे यायची वाट होती, तो चर्च गेट. १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर दरवाजाही पाडला, नाव तेवढं लोकलला चिकटलं. मुंबईचे जुने मैलाचे दगडही इथूनच मोजलेले.

बांधकामाची कथा मात्र थेट आपल्या रखडलेल्या रिडेव्हलपमेंटसारखी. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने १६७६च्या सुमारास पाया घातला, १६७७ मध्ये तो सुरतेत वारला आणि काम ठप्प. अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच उभ्या. शेवटी रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. १८३७ साली त्याचं कथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं आणि लगेच वर उंच मनोरा चढवला. खालच्या साध्या, बसक्या इमारतीवर तो मला उपराच वाटतो.

आत गेल्यावर सगळे रंगीत काचांचे फोटो काढतात. काढा, पण खरा माल भिंतींवरच्या स्मृतिशिलांमध्ये आहे. त्यावरची वयं वाचत चला. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य’ असं तेव्हा मुंबईबद्दल म्हणत, ते उगाच नाही. १८११ साली वारलेल्या गव्हर्नर जोनाथन डंकनच्या संगमरवरी स्मारकापाशी मी हमखास रेंगाळतो. त्यावर दोन लहान मुलं कोरली आहेत: बनारस आणि काठियावाडातली बालहत्या त्याने बंद केली, म्हणून. बाकी स्मारकांवर तलवारी आणि जहाजं भरपूर.

इथल्या गायकवृंदाला मुलं हवीत म्हणून १८६० मध्ये शाळा काढली, तीच आजची कथीड्रल शाळा. ॲडमिशनसाठी धडपडणाऱ्या आईबापांना हे सांगितलं की गंमत वाटते.

साहेब गेले तरी चर्च बंद पडलं नाही. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे आणि रविवारची उपासना चालू आहे. त्या वेळी कॅमेरा घेऊन आत फिरू नका. आठवड्यातल्या दिवशी, भर दुपारी जा. बाहेरचं कावसजी जहांगीर यांच्या देणगीतलं कारंजं बघा, आणि चष्मा विसरू नका, अक्षरं बारीक आहेत.