बाळाचे प्रोबायोटिक ड्रॉप्स, नागपूरच्या उन्हात मागवायचे का? (२ स्टार)

दोन स्टार देतेय, त्यातला एक तर नुसत्या ड्रॉपरला. थेंब मोजून पडतो, गालाच्या आतल्या बाजूने सोडला की बाळ गपकन गिळतं, सांडलवंड नाही. बाकीचं ऐका आता.

आमची पिल्लू सिझरची, त्यात पहिल्याच आठवड्यात इन्फेक्शन झालं म्हणून अँटिबायोटिक चाललं, मग काय, माझ्या आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं एकच, पोरीच्या पोटातले चांगले जंतू गेले असतील, काहीतरी दे तिला. म्हणून ऑनलाइन हे प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंचे, ड्रॉप्स मागवले. ब्रँडचं नाव लिहीत नाही. भर मे महिना, बाहेर ४५, आणि पार्सल गोडाऊन, टेम्पो, डिलिव्हरीवाल्या भाऊची काळी बॅग असं फिरत फिरत मनीषनगरला आलं तेव्हा डबा हाताला चक्क गरम लागत होता. डब्यावर यांनीच छापलंय २५ डिग्रीच्या खाली ठेवा! आईस पॅक नाही, काही नाही. जिवंत जंतूंचे पैसे घेता नं बापा, मग ते जिवंत पोचतात का हे बघायचं कोणी?

औषध तेलातलं आहे, पांढरी पावडर तळाशी बसते, बाटली हलवली नाही तर बाळाच्या तोंडात नुसतं तेल जातं. आणि "नीट हलवा" हे मुंगीच्या अक्षरात, तेही डब्याच्या खालच्या बाजूला.

मला खरा राग आला तो लेबलचा. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम अशी जंतूंची नावं, अमुक कोटी, बस. स्ट्रेनचा, म्हणजे जंतूच्या नेमक्या पोटजातीचा, नंबर कुठेच नाही, आणि या धंद्यात सगळं स्ट्रेनवर असतं. रात्री कळवळून रडणाऱ्या बाळांसाठी लॅक्टोबॅसिलस रूटेरीच्या डीएसएम १७९३८ या एका स्ट्रेनचा उपयोग दिसलाय, तोही आईच्या दुधावरच्या बाळांत, पावडरच्या दुधावरच्या बाळांत तसा दिसला नाही. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठराविक स्ट्रेन, त्याचं खाणं असलेल्या साखरेसोबत, दिला होता, तो अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, सेप्सिस (अंगभर पसरणारं जीवघेणं इन्फेक्शन) आणि मृत्यू मिळून ४० टक्के कमी झाले. म्हणजे प्रोबायोटिक थोतांड नाही हो, पण यांच्या बाटलीत त्यातलं नेमकं काय आहे ते तरी सांगा.

डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात "आतड्यांची वाढ व दुरुस्ती". हे काहून लिहिलं असेल ते माहितीये. जंतूच नसलेल्या वातावरणात वाढवलेल्या उंदरांत आतड्याच्या आतल्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांमधलं रक्तवाहिन्यांचं जाळं अर्धवटच राहतं, २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात त्यांना एकच जंतू दिला, बॅक्टेरॉइड्स थेटायोटाओमायक्रॉन, आणि दहा दिवसांत जाळं पूर्ण झालं. दुरुस्तीचंही तसंच, २००४ मध्ये दिसलं की अँटिबायोटिकने जंतू साफ केलेल्या उंदरांच्या आतड्याला इजा केली तर ते फार वाईट आजारी पडतात, मरतात, आणि जंतूंच्या आवरणाचे नुसते तुकडे पाण्यातून पाजले तरी वाचतात, कारण आतड्याच्या पेशींना जंतू आहेत हा इशारा मिळत राहावा लागतो. भारीच आहे सगळं. पण एक तर ते उंदीर, दुसरं म्हणजे तो बॅक्टेरॉइड्स या बाटलीत नाहीच! दुसऱ्याच्या लग्नात आपला बँड वाजवतायत.

धंतोलीतल्या आमच्या बाळांच्या डॉक्टरांना बाटली दाखवली, त्यांनी लेबल वाचून शांतपणे परत दिली आणि म्हणाले, ताई, अंगावर पाजताय नं, मग पाजत राहा. आईच्या दुधात दीडशेच्या वर प्रकारच्या अशा साखरा असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत, त्या बिफिडो जंतूंचं खाणं आहे. सिझरच्या बाळांत सुरुवातीला बॅक्टेरॉइड्स कमी असतात हे खरं, पण बराचसा फरक पहिल्या वर्षात भरून निघतो. ज्यांची बाळं दिवस भरायच्या आधी झालीत त्यांनी तर मनाने अजिबात देऊ नका, २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्याबद्दल इशाराच दिला होता, जिवंत जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं.

आणि मधाचं बोट चाटवणाऱ्या आज्यांनो, वर्षाच्या आत मध नको. मोठ्यांच्या आतड्यातली जंतूंची गर्दी मधात असू शकणाऱ्या बोटुलिझमच्या (अंग लुळं पाडणारा आजार) बीजाणूंना रुजू देत नाही, तान्ह्या पोटात ती गर्दी अजून जमलेली नसते. सासूबाईंना हे पटवायला ड्रॉप्सपेक्षा जास्त मेहनत लागली.

डॉक्टरांनी लिहून दिलंच असेल तर जवळच्या मेडिकलमधून घ्या, फ्रिजमधून काढून देतात का बघा, एक्सपायरी वाचा, उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

कस्टमर केअरला चॅटवर विचारलं स्ट्रेन कोणता, तर उत्तर आलं, "मॅम, फ्लेवर न्यूट्रल आहे." रिफंड मागितला तर म्हणे सील तुटलंय.