नागपूर-हैदराबाद-पुणे, नातवंडांचा मोठा दौरा: कॅम्पर घ्यावी, आपली कार न्यावी की सरळ रेल्वे?

नाशिकहून नागपूरला लेकीकडे, तिथून हैदराबादला थोरल्याकडे आणि परत येताना पुण्यात धाकट्याकडे, असा गोल मारला तर १,८५०-१,९०० किमी होतात. रिटायर झालेल्या आमच्या गंगापूर रोडच्या वॉकिंग ग्रुपमध्ये सध्या जो तो म्हणतोय की कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊ, आत किचन, बेड, टॉयलेट, कुणाच्या घरी अडचण नको. ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब मांडला की चित्र जरा बदलतं.

आधी पैसे. कॅम्परचं भाडं दिवसावर असतं, रोजचे कमीत कमी किमी ठरलेले असतात, वर ड्रायव्हरचा भत्ता. डिझेल-टोल त्यात धरलाय का ते आधीच लिहून घ्या. आता नातवंडांकडे जाऊन तुम्ही काय एक रात्र राहणार का? आठवडाभर तरी राहणारच, आणि तो आठवडाभर गाडी खाली उभी नि भाडं चालूच! म्हणजे ज्या कामासाठी निघालो तेच काम चालू असताना कॅम्पर सगळ्यात महाग पडते. आपली कार उभी राहिली तर राहिली, तिला कोण भाडं मागतंय. शिवाय प्रायव्हेट कारला फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो, २०० ट्रिपचा (२०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा होता). भाड्याच्या टॅक्सी पासिंगच्या गाडीला तो चालत नाही. समृद्धी महामार्गावर मात्र कारलाही त्याचा उपयोग नाही, तो फक्त नॅशनल हायवेच्या टोलला, तेव्हा नागपूरपर्यंतचा टोल वेगळा धरा. आणि कॅम्पर तेलंगणात न्यायची तर परमिट, टॅक्स कोण भरणार हेही विचारा, नाहीतर बॉर्डरवर वाद.

रस्त्याचं म्हणाल तर समृद्धी जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किमी सुरू झालाय, आपण सिन्नरजवळ गोंद्याला चढायचं की सकाळी निघालेली कार संध्याकाळच्या चहाला नागपुरात. कॅम्पर उंच आणि जड, ती ८० च्या आसपासच बरी, म्हणजे दोन-तीन तास जास्त धरा. दोन्हीत टायरची हवा निघण्याआधी बघायचीच, काँक्रीटचा रस्ता दुपारी तापतो आणि टायर फुटण्याचे प्रकार तिथे झालेत.

रेल्वेला आपण उगाच नावं ठेवतो. नाशिकरोडहून विदर्भ एक्सप्रेसने रात्री बसा, सकाळी नागपूर. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे, सिकंदराबादहून पुण्याला शताब्दी. घोळ शेवटच्या टप्प्याचा, पुणे-नाशिक रेल्वेचं आपण वर्षानुवर्षं ऐकतोच आहोत, तिथे एसटी. ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून बंद आहे ती आहेच, पण लोअर बर्थचा कोटा अजून आहे. बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, दिवाळीचं असेल तर त्याच सकाळी बसा. तोटा एकच, सामान. चिवड्याचे डबे, द्राक्षांची पेटी, आजीने केलेली लोणची हे सगळं घेऊन प्लॅटफॉर्म बदलणं कठीण. (नातवंडं चिवडा खात नाहीत, जावई खातो, तरी न्यावा लागतो.)

कॅम्परची खरी जमेची बाजू टॉयलेट. गुडघे गेलेत, शुगर आहे, दर दीड तासाला उतरावं लागतं, अशांना हायवेवर स्वच्छ कमोड शोधत फिरणं म्हणजे शिक्षा, आणि समृद्धीवर मध्येच कुठेही थांबता येत नाही. इन्सुलिनला फ्रीज असतो तोही आला. पण टॉयलेटची टाकी रिकामी कुठे करणार हा प्रश्न आहेच, आपल्याकडे त्याची सोय क्वचितच. लेकीच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ही गाडी उंचीमुळे बहुतेक जाणारच नाही, बाहेर रस्त्यावर लावली तर वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे विचारणार. ड्रायव्हर कुठे झोपणार हे तर बुक करताना कुणालाच आठवत नाही. आणि आपण खाली गाडीत झोपलो तर सूनबाईला काय वाटेल, याचाही विचार करा की. नातवंडांना रात्री गोष्ट सांगायला आजोबा वरच हवेत.

म्हणून माझं मत, पोचण्यासाठी कॅम्पर नको, नातवंडं सोबत येणार असतील तरच घ्या. मग मात्र तिच्यासारखी मजा कशात नाही. लोणारला चला, समृद्धीवरून मेहकरला उतरायचं, उल्कापातातून झालेलं सरोवर पोरांना पुस्तकात नाही, काठावर उभं करून दाखवा. ताडोबा करायचं असेल तर मंगळवार सोडून, त्या दिवशी सफारी बंद असते. हैदराबादच्या वाटेवर तेलंगणातलं निर्मल गाव लागतं, तिथली लाकडी खेळणी लहानग्यांना आवडतात. रात्री मात्र कुठेतरी रस्त्याकडेला लावू नका, एमटीडीसीच्या रिसॉर्टच्या आवारात जागा आहे का ते फोन करून विचारा, कॅराव्हॅन पर्यटनाचं सरकारी धोरण २०२१ पासून आहे. मे महिन्यात तर विदर्भात नकोच, ४५ डिग्रीत उभ्या गाडीचा एसी बाहेरच्या लाइटशिवाय किती टिकणार?

पोरं चालत्या गाडीत बेडवर लोळतात, ते अजिबात चालू देऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट कायद्याने लागते, नाहीतर १,००० रुपये दंड, आणि दंडाचं सोडा हो, ब्रेक लागला तर पोरगं सरळ किचनच्या ओट्यावर. बुक करताना बेड किती हे सगळे विचारतात, तुम्ही बेल्टवाल्या सीट किती ते विचारा.

आमच्या वयाच्या कुणी विचारलं तर मी सांगेन, मोठा गोल आपल्या कारने करा, लांबचं ड्रायव्हिंग झेपत नसेल तर ओळखीचा ड्रायव्हर घ्या किंवा रेल्वेने जा. आणि दिवाळीत सगळी चुलत-मावस-आते भावंडं पुण्यात जमतात ना, तेव्हा तिथूनच तीन दिवस कॅम्पर घ्या. संगमनेर, अकोले करत भंडारदऱ्याला मुक्काम, मग घोटीवरून नाशिक. कॅम्पर पुण्याला रिकामी परत जाईल त्याचं भाडं लावतील, ते आधी घासाघीस करून ठरवा. पोरांच्या आईबापांना म्हणावं तुम्ही मागून कारने या, नाहीतर गाडीत जागाच उरणार नाही.